पुढच्याचं चाक बघ

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्याबद्दल आहेत. दसऱ्या-पाडव्याला ज्यांनी नव्या गाड्या घेतल्या, त्यांच्या गाड्या आता स्वतःहून ब्रेक मारू लागल्यात, स्टिअरिंग हलवू लागल्यात, आणि माणसं घाबरलीत. काही जण उलट फार निर्धास्त झालेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते. बावीस वर्षं मी जळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय. शिकवायची गाडी साधीच, डबल ब्रेकची. घरची गाडी मात्र तीन वर्षांपासून कॅमेऱ्याची आहे. तिच्यासोबत या भागातल्या रस्त्यांवर जे बघितलं, त्यावरूनच लिहितेय.

ताई, महिन्यापूर्वी पुढची काच फुटली म्हणून नवीन बसवली. तेव्हापासून महामार्गावर गाडी बरोबर मधोमध असली तरी स्टिअरिंग थरथरतं आणि डावीकडे ओढल्यासारखं होतं. व्हील अलाइनमेंट दोनदा करून झालं. टायरवाला म्हणतो, चाकांत काही दोष नाही. मग दोष कुठे आहे? (औषध दुकानदार, एरंडोल)

भाऊ, आता तिसऱ्यांदा अलाइनमेंटला पैसे घालू नका. टायरवाला खरं सांगतोय. तुमच्या गाडीचा डोळा तिरका बसलाय, असा माझा दाट संशय आहे.

आतल्या आरशामागे काचेला चिकटून जो काळा डबा दिसतो, त्यात कॅमेरा असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची गाडी, पायी चालणारा माणूस, सगळं तो त्या काचेतूनच बघतो. आपण गाडीच्या मध्यरेषेतून नाकासमोर बघतोय, असं धरूनच त्याचा सगळा हिशोब चालतो. काच बदलताना कॅमेरा काढून पुन्हा बसवावा लागतो. त्यात एका अंशाचा फरक राहिला, तर शंभर मीटर पुढे तो जवळजवळ पावणेदोन मीटरचा होतो. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे चूक सरळ अर्ध्या लेनची झाली.

हे मी स्वतः भोगलंय. गेल्या वर्षी धुळ्याहून येताना पारोळ्याच्या अलीकडे एका डंपरच्या चाकातून खडा उडाला. टक् असा आवाज आला. घरी पोचेपर्यंत काचेवर हातभर लांब तडा गेलेला. दुसऱ्या दिवशी एका दुकानात दीड तासात नवी काच बसली, बिल मिळालं, मी निघाले. कॅमेऱ्याचं कोणी नाव काढलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. आठवड्याने मुक्ताईनगरला जाताना गाडी मधोमध असूनही लेन सोडल्याचा इशारा वाजायला लागला. पुढे कडेच्या पांढऱ्या पट्टीवर डावी चाकं खरोखर चढली, तेव्हा मात्र सगळं शांत. इशारा खोटा वाजला तर माणूस वैतागतो, पण वाजायला हवा तेव्हा वाजला नाही तर जीव जातो. मी रस्त्यातच ते बटण बंद केलं.

मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या पोराने कॅमेऱ्याचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला दाखवलं. कॅमेरा धरून ठेवणाऱ्या खाचेतली एक क्लिप पुरती बसलीच नव्हती. नखाएवढी फट होती, बस. त्याने क्लिप बसवली, चारही टायरची हवा तपासली, डिक्कीतलं माझं सामान बाहेर काढायला लावलं. गाडी अगदी सपाट फरशीवर घेतली. पुढे स्टँडवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा एक मोठा फलक होता. गाडीच्या मध्यापासून दोरी आणि टेप लावून त्याने तो फलक इंच इंच सरकवत जागेवर आणला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि कॅमेऱ्याला तो फलक ‘दाखवला’. याला कॅलिब्रेशन म्हणतात. काही गाड्यांना फलक लागत नाही. ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवली की कॅमेरा स्वतःच आपली जागा ठरवतो. कोणत्या गाडीला काय लागतं हे ती बनवणारी कंपनी ठरवते, काचवाला नाही.

तर भाऊ, वर्कशॉपला ‘काच बदललीय, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करा’ असं स्पष्ट शब्दांत सांगा आणि झाल्याचा छापील कागद मागून घ्या. बसवलेली काच तुमच्या मॉडेलच्या कॅमेऱ्यासाठीचीच आहे का, तेही बघायला लावा, कारण कॅमेऱ्यासमोरचा काचेचा तुकडा वेगळा स्वच्छ ठेवलेला असतो. आणि पुन्हा कधी काच फुटलीच, तर विम्याच्या एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशन सुरुवातीलाच वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या. ठोकरीनंतर बंपर काढला-घातला असेल, तरी हेच विचारा. लहरी सोडून पुढच्या वाहनाचं अंतर मोजणारा रडार बऱ्याच गाड्यांत तिथे असतो आणि त्यालाही दिशा लावावी लागते. तोवर गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग हलवणारी ती मदत बंद ठेवा.

मे महिन्यात दुपारी गाडी सुरू केली की स्क्रीनवर ‘कॅमेरा उपलब्ध नाही’ असं येतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप जातं. सर्व्हिसवाले म्हणतात, गाडी चांगली आहे. उन्हासाठी पुढच्या काचेला फिल्म लावली तर चालेल का? (गृहिणी, भुसावळ)

माई, सर्व्हिसवाले बरोबर बोलतायत. तुमच्या गावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, आणि बंद गाडीत काचेला चिकटलेला तो डबा त्याहून कितीतरी जास्त तापतो. ठरावीक तापमानापुढे कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. त्यामुळे तो खराब होत नाही, पण तेवढा वेळ समोर आपोआप ब्रेक मारणारं कोणी नाही, हे लक्षात ठेवून गाडी चालवा. एसीची हवा पुढच्या काचेवर सोडा, लवकर निवतो.

गाडी उभी करताना तोंड उन्हाकडे ठेवू नका. आपण चांदीसारखा चकचकीत पडदा काचेमागे लावतो ना, तो कॅमेऱ्याच्या डब्यावरून जाऊ देऊ नका. त्याने उष्णता डब्यापाशीच कोंडते. पडद्याला तेवढी खाच कापून घ्या. मी माझ्या पडद्याला कात्रीने वीतभर खाच घेतलीय आणि कडेला कापडी पट्टी शिवलीय.

फिल्म मात्र नको. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार व्हायला हवा. वरून चिकटवायच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बोट ठेवलं, तेव्हापासून तुम्ही पोलिसांची कारवाई बघितलीच असेल. कायदा बाजूला ठेवला, तरी कॅमेऱ्यासमोर फिल्म म्हणजे मोतीबिंदू. रात्री त्याला आधीच उजेड कमी मिळतो.

याच पत्रात तुम्ही डॅशबोर्डवरच्या गणपतीचा उल्लेख केलाय, बरं झालं. मूर्ती राहू द्या, पण तिच्याखालचं पांढरं कापड काढा. दुपारी त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं, ते तुम्हालाही दिसतं आणि कॅमेऱ्यालाही. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, की निघण्याआधी बोनेटवरून काचेपर्यंत बांधलेली झेंडूची माळही उतरवून घ्या. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीचा रडार पुढच्या जाळीमागे आहे. माळ तशीच ठेवून ते निघाले आणि चौफुलीपर्यंत स्क्रीनवर तीन इशारे आले.

‘लेव्हल २’ म्हणजे गाडी स्वतः चालते का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नंदुरबार)

नाही रे बाळा. गाडी स्वतःहून किती काम करते, याच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्हींत हात लावते, पण रस्त्यावर नजर, स्टिअरिंगवर हात आणि सगळी जबाबदारी तुझीच. भारतात आज सर्वसामान्य लोक ज्या गाड्या विकत घेतात, त्या याच्या वर नाहीत. ‘लेव्हल २ प्लस’ हा जाहिरातीतला शब्द आहे, सहा पायऱ्यांत अशी पायरी नाही. आणि गाडीच्या सुरक्षिततेचे, म्हणजे भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे वेगळी गोष्ट सांगतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून मिळणारे ते तारे मुख्यतः धडक झाल्यावर आतली मोठी माणसं आणि मुलं किती वाचतात याचे आहेत. घरच्यांसोबत गाडी बघायला जाशील, तेव्हा आधी तारे विचार, मग कॅमेरा.

मुलगा संभाजीनगरला नोकरीला आहे. दर शनिवारी रात्री कन्नड घाटातून घरी येतो. नव्या गाडीत पुढच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा क्रूझ आहे, तो घाटातही लावतो म्हणे. आईचा जीव थाऱ्यावर नसतो. काय सांगावं त्याला? (निवृत्त शिक्षक, चाळीसगाव)

सर, त्याला सांगा की कन्नडच्या पठारावरचा सरळ रस्ता संपला की क्रूझ बंद. त्यात तडजोड नको.

ही सोय पुढची गाडी समोर दिसत राहील, या गृहितावर चालते. घाटातल्या वळणावर पुढचा ट्रक कॅमेऱ्याच्या आणि रडारच्या नजरेतून बाजूला जातो. त्यांना समोर मोकळं दिसतं आणि गाडी आधी ठरवून दिलेल्या वेगाकडे झेप घेते, तीही वळणात आणि उतारावर. उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायची असते. तो निर्णय चालकाचा आहे. पावसाळ्यात त्या घाटात धुकं उतरलं की कॅमेरा आणि माणूस दोघेही आंधळे होतात. रडार धुक्यातही बघतो, पण बाजूची दरी, पट्टी, वळण हे त्याला कळत नाही.

दुसरं जास्त गंभीर आहे आणि ते घाटाखालच्या सपाटीवरचं आहे. मोठ्या वेगात असताना हा क्रूझ आधीपासून थांबलेल्या वाहनाला बऱ्याचदा जुमानत नाही. रडारला पूल, पाट्या, दुभाजकाचे खांब अशा उभ्या वस्तू सतत दिसत असतात. प्रत्येकीसाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून उभ्या वस्तूंकडे काणाडोळा करायचं त्याला शिकवलेलं असतं. चालता ट्रक तो पकडेल. पंक्चर होऊन साइडपट्टीवर अर्धा आत, अर्धा बाहेर उभा असलेला ट्रक पकडेलच असं नाही. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. कॅमेरा आणि रडार मिळून शेवटच्या क्षणी आपोआप ब्रेक लावतीलही, आणि तो ब्रेक कितीतरी जीव वाचवतो हे मी मनापासून मानते. ती सोय त्याने कधीच बंद करू नये. पण त्या वेगात तो धडक सौम्य करेल, टाळेलच असं नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. या शनिवारी तो आला की ते पान सोबत बसून वाचा. मुलं वडिलांचं ऐकत नसली तरी छापलेलं वाचतात.

माझी गाडी २०१६ ची आहे. तिला बाहेरून असा कॅमेरा बसवता येतो का? (दूध संकलन केंद्रचालक, साक्री)

इशारा देणारा बसतो, ब्रेक लावणारा नाही. काचेवर चिकटवायचे डॅशकॅम पुढची गाडी जवळ आली की वाजतात, पण ब्रेक आणि स्टिअरिंगशी त्यांचा संबंध नसतो. माझं मत विचाराल तर आधी तो पैसा चांगले टायर, नवे वायपर आणि हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचांवर घाला. उरला तर रिव्हर्स सेन्सर बसवा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारना ते सक्तीचे आहेत, तुमच्या गाडीत नसतील. केंद्रावर पहाटे कॅन उतरवताना मागे लहान मुलं असतात, असं तुम्हीच लिहिलंय.

आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. कापूस जिनिंगला नेतो, निघायला रात्र होते. पोऱ्या म्हणतो, ‘आता गाड्यास्ले डोया शेतस, त्या आपला आप थांबतीस’ (आता गाड्यांना डोळे आहेत, त्या आपोआप थांबतील). मग ट्रॉलीला रेडियम लावायची गरज आहे का? (शेतकरी, शिंदखेडा तालुका)

आप्पा, या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं आहे. गरज आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहे.

माझे वडील एसटीत चालक होते. मला गाडी शिकवताना ते एकच वाक्य परत परत म्हणायचे, ‘पुढच्याचं चाक बघ.’ गाडीचा मागचा भाग काहीही दिसो, चाक जमिनीला टेकतं तिथे बघितलं की ती किती लांब आहे आणि कुठे वळतेय हे कळतं, असं ते सांगायचे. पुढे या कॅमेऱ्यांबद्दल वाचताना मी थबकले. एकच कॅमेरा असला की त्याला आपल्या दोन डोळ्यांसारखी खोली दिसत नाही. म्हणून तो समोरचं वाहन ओळखतो, ते रस्त्याला कुठे टेकलंय ती जागा शोधतो, त्यावरून अंतर काढतो, आणि चित्र किती झपाट्याने मोठं होतंय त्यावरून धडकेला किती वेळ उरलाय ते ठरवतो. वडील सांगायचे तेच तो करतो. दोन कॅमेरे शेजारी लावून खोली मोजणाऱ्या गाड्याही आहेत. जपानमध्ये सुबारूने २००८ मध्येच तशी गाडी आणली. पण आपल्या रस्त्यावर बहुतेक गाड्यांत एकच कॅमेरा असतो.

आता तुमची भरलेली ट्रॉली त्याच्या नजरेने बघा. मागे लाल दिवा नाही, असला तर वरून लोंबणाऱ्या जाळीने झाकलेला. कापूस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, चाकं अर्धी आत. खाली अंधार, वर पांढरट ढीग. कार, ट्रक, मोटारसायकल, माणूस यांची लाखो चित्रं दाखवून त्या कॅमेऱ्याला शिकवलेलं असतं. हा आकार त्यांतल्या कशातच नीट बसत नाही. बैलगाडी, प्राणी, विचित्र आकाराची वाहनं ओळखता येतीलच असं नाही, हे गाड्यांच्या पुस्तिकांत स्पष्ट असतं. रडारचं म्हणाल तर लोखंडावरून त्याच्या लहरी जोरात परत येतात, कापसाच्या ढिगावरून तशा येत नाहीत. वर तुमचा वेग ताशी पंधरा-वीस, आणि मागून येणारा शंभरने. त्याची गाडी थांबेल म्हणून तो निवांत, तो थांबेल म्हणून तुमचा पोऱ्या निवांत. मधे ट्रॉलीवर बसलेली मजूर माणसं.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. अंधारात न दिसलेल्या ट्रॉलीची बातमी आपल्या तीन जिल्ह्यांत दर हंगामात येते. ती वाचताना त्यात माझ्याकडे शिकून गेलेलं कोणी असेल का, या विचाराने माझा हात थांबतो.

पट्टीचं गणित असं आहे. साधा लाल रंग उजेड चहूकडे उधळतो. रेडियमची पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून हेडलाइट पडताच ती त्या चालकाच्या डोळ्यांत आणि काचेमागच्या कॅमेऱ्यात पेटल्यासारखी दिसते. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी लावायची. मागच्या पट्ट्या ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना आणि शक्य तितक्या खाली, चाकांच्या उंचीवर लावा. रुंदी कळली की ट्रॉली कळते, खालची कड कळली की अंतर कळतं. ट्रॉलीचा पत्रा धुऊन, पुसून, कोरडा करून मगच चिकटवा, नाहीतर कापसाच्या धुळीवर लावलेली पट्टी पंधरा दिवसांत सुटते. चालता दिवा हवाच, त्याला पट्टी हा पर्याय नाही. ट्रॉली नादुरुस्त होऊन रस्त्यावर थांबली, तर मागे पन्नास-साठ पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवा. दगड ठेवू नका, दगड कोणालाच दिसत नाही, आणि निघताना आपली माणसं तो तिथेच विसरतात.

लावून झालं की एक परीक्षा घ्या, आणि ती पोऱ्याकडूनच करून घ्या. कापूस भरून जाळी बांधून झाली की अंधारात त्याला ट्रॉलीच्या मागे शंभर पावलं चालत न्या. टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी जवळ धरायला सांगा आणि ट्रॉलीवर मारायला सांगा. टॉर्च कमरेपाशी धरली तर पट्टी फिकी दिसेल, कारण ती उजेड टॉर्चकडे परत पाठवते, डोळ्यांकडे नाही. जिथे चमक दिसणार नाही, तिथे कापसाने किंवा जाळीने पट्टी झाकलीय. ती तिथून काढून खाली लावा. रिकाम्या ट्रॉलीवर ही परीक्षा घेऊ नका, भरलेल्या ट्रॉलीवरच घ्या.